डावा हात थोरलीचा, उजवा धाकटीचा

प्रश्नवाली येणार असली की थोरलीच्या घरात सकाळपासून कुणाचं बूड एका जागी टिकत नसे. आईने सोफ्यावरच्या उश्या तीनदा उलटसुलट केल्या होत्या. थोरली गॅसवर दूध ठेवून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी आणि दारापासून पुन्हा गॅसशी येरझाऱ्या घालत होती, आणि इतकी राखण करूनही दूध उतू गेलंच.

एव्हाना सवय व्हायला हरकत नव्हती. अठ्ठावीस वर्षं झाली, दर चार वर्षांनी जुळ्यांच्या अभ्यास केंद्रातून ही बाई यायची. सोबत जाड फाइल, एक नर्स आणि रक्ताच्या नळ्या ठेवायचा थंड डबा. पहिल्यांदा आली तेव्हा तिचे केस काळेभोर होते आणि जुळ्या बहिणी थोरली-धाकटी चोवीस वर्षांच्या होत्या. एकेकीला वेगळं बसवून ती दोन-दोनशे प्रश्न विचारायची. किती झोपता, काय खाता, राग आला की काय करता, कुणाशी पटत नाही. तिचं खरं नाव फाइलीवर होतं, पण घरात ती पहिल्या दिवसापासून प्रश्नवालीच. तीन महिन्यांपूर्वी ती आठव्यांदा येऊन रक्त घेऊन गेली होती. आज निकाल सांगायला येणार होती, आणि खातरजमेसाठी पुन्हा एकदा नमुना हवा होता. फोनवर म्हणाली होती, "दोघींच्या आयांनाही बोलवा."

हे शब्द आईला झोंबले होते.

"दोघींच्या आया म्हणे. दोघींना एकाच पोटातून काढलंय मी. आया कुठून आल्या?"

"मावशीपुढे असलं काही बोलू नकोस," थोरली म्हणाली.

"मी कशाला बोलू? मी कधी बोलले?"

पन्नास वर्षं आई हेच बोलत आली होती. धाकटी दोन वर्षांची असताना फार आजारी पडली, आई दोन पोरी सांभाळून मेटाकुटीला आली, तेव्हा मावशीने धाकटीला आपल्या गावी नेलं ते कायमचंच. आई म्हणायची, "नेली." मावशी म्हणायची, "ताई, तू दिलीस." या दोन शब्दांवरून आजवर किती लग्नांत, किती बारशांत तोंडं फिरली होती याला गणती नाही.

जिन्यात पावलं वाजली. धाकटी आणि मावशी. तीन मजले चढताना पावलं दोनदा थांबली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी दमली असेल, असं थोरलीला वाटलं. दार उघडलं तर मावशी पुढे होती आणि धाकटी कठड्याला धरून मागे उभी होती.

"काय गं, इतकी पांढरीफटक?"

"बसमध्ये झोप झाली नाही," धाकटी म्हणाली आणि चपला काढताना भिंतीला टेकली.

तेवढ्यात प्रश्नवाली नर्सला घेऊन आलीच, आणि तो विषय तिथेच राहिला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती या खोलीत फक्त दोघींना ठाऊक होती. या आठही खेपांत धाकटीने रक्ताचा एक थेंब दिला नव्हता. सुई पाहिली की ती कोसळायची. चोवीस वर्षांच्या असताना दोघींनी गंमत म्हणून तोड काढली. थोरली आधी स्वतःच्या नावाने डावा हात पुढे करायची, मग "तिला पाठवते" म्हणून आतल्या खोलीत जायची, धाकटीचा स्वेटर चढवायची, तिचा चष्मा लावायची आणि बाहेर येऊन धाकटीच्या नावाने उजवा हात पुढे करायची. नर्स दर खेपेला नवी असायची. प्रश्नवालीची मान फॉर्ममध्ये गेलेली असायची, आईला त्या वेळी नेमकं स्वयंपाकघर आठवायचं आणि मावशी गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहायची. गंमत एकदाच करायची होती. पण दुसऱ्यांदा खरं सांगायचं तर पहिल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि आठव्यांदा सांगायचं तर सातांचं.

चहा झाला. प्रश्नवालीने दोन कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. तिचे हात अधीर झाले होते.

"हुबेहूब जुळ्यांची जनुकं जन्मतः सारखीच असतात, हे तुम्ही माझ्याकडून शंभरदा ऐकलंय. पण माणूस जगतो तशा त्यांवर बारीक रासायनिक खुणा पडत जातात. हवेच्या, कामाच्या, झोपेच्या, काळजीच्या. जनुकं बदलत नाहीत. त्यातलं कुठलं जागं राहायचं आणि कुठलं गप्प बसायचं, एवढं या खुणांवर ठरतं."

"कळलं," थोरली म्हणाली. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. "कागदी पॅटर्न एकच. कापडावर खडूच्या खुणा ज्याच्या त्याच्या."

"अगदी. आणि लहानपणी दोघींच्या खुणा बऱ्याच सारख्या असतात, पण पन्नाशीला पोचेपर्यंत वेगळ्या होत जातात. वेगळ्या घरात वाढल्या असतील तर जास्तच. आमच्याकडच्या सगळ्या जोड्यांत तसं दिसतं." ती जरा थांबली. "एक सोडून. तुमची. एक पन्नास वर्षं शिवणखात्यात, एक बावीस वर्षं छापखान्यात रोलर धुतेय, त्या रसायनांच्या वासात. घरं दोन, गावं दोन, सवयी दोन. आणि खुणा? कागदावर कागद ठेवा, एक दिसेल. यावर मी लेख लिहिलाय, तो छापूनही आलाय. आता परिषदेत बोलायचं आहे."

शिवणखात्यात पन्नास नव्हे, तीस वर्षं, एवढं दुरुस्त करावंसं थोरलीला वाटलं. पण तिने नुसता रिकामा कप उचलून पुन्हा बशीत ठेवला. आठ वेळा कागदावर कागद ठेवला तरी एकच दिसणार होतं. दोन्ही कागद तिचेच होते.

आई खुर्चीत सरसावून बसली. "म्हणजे पोरगी माझीच राहिली. कुठेही वाढली तरी."

"तसं सरळ नाही म्हणता येणार," प्रश्नवाली म्हणाली.

"अहो, तुम्हीच तर म्हणालात. वाढवल्याची खूण नाही म्हणून."

"या जोडीत तरी दिसत नाही, एवढंच."

मावशी इतका वेळ बशीतलं बिस्कीट मोडत होती. खात नव्हती, नुसते तुकडे करत होती. "मग मी काय केलं?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "पन्नास वर्षं मी काय केलं तिचं? राखण?"

आईने सोफ्यावरची उशी पुन्हा एकदा उलटी केली. जिंकल्यावर काय करायचं ते तिला सुचत नसावं. धाकटीने मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला, तर मावशीने तो हळूच बाजूला केला. थोरली ते बघत होती. एक खोटं आपण दोघींपुरतं बोललो असं ती आजवर समजत होती. त्या खोट्याने एका म्हाताऱ्या बाईचा आख्खा संसार पुसला होता.

नर्सने डबा उघडला. थोरलीने डावा हात दिला, दोन मिनिटांत काम झालं, आणि ती कापूस दाबत म्हणाली, "तिला पाठवते."

धाकटी आधीच आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली होती.

"स्वेटर दे," थोरली पुटपुटली. "आणि ऐक, मावशीला आज ना उद्या सांगावं लागणार आहे."

"सांगू. आज नको." धाकटीने स्वेटर काढला.

थोरलीचे हात जागीच थांबले. धाकटीच्या दंडावर, मनगटाच्या वर, कोपराशी निळे-हिरवे डाग होते. एक तर तळहाताएवढा.

"हे काय?"

"आपटलं असेल."

"इतक्या ठिकाणी?"

"रोलर जड असतात. लागतं."

"आणि दम? जिन्यात दोनदा थांबलीस. मला वाटलं मावशी दमली."

"वय झालं आता."

"माझंही तेवढंच झालंय. अकरा मिनिटं जास्तच."

धाकटी हसली नाही. तिने चष्मा काढून पुढे केला. "छापखान्याच्या डॉक्टरला दाखवलंय मी, गेल्या महिन्यात. रक्त तपासा म्हणाला. मग मी त्याला केंद्राचा रिपोर्ट दाखवला, तीन महिन्यांपूर्वीचा. रक्ताच्या साध्या आकड्यांचा तो लगेच घरी पाठवतात ना. तो म्हणाला, हे तर ठणठणीत आहे, मग थकव्याची गोळी घ्या आणि बघू."

"कुठला रिपोर्ट?"

"माझ्या नावाचा."

थोरली पलंगाच्या कडेवर टेकली. धाकटीलाही ते बोलतानाच उमगलं असावं, किंवा आधीच उमगलेलं असावं आणि तिने ते बाजूला सारलं असावं. ठणठणीत होतं ते थोरलीचं रक्त होतं. धाकटीच्या अंगात काय चाललंय ते आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

"हे शेवटचं," धाकटी म्हणाली. "आज तू जा. मग मी बघते काय ते. तुझी शपथ."

आणि थोरली गेली. नाही म्हणायचं तिला जमलंच नाही. आठ वेळा चाललेली वाट होती, पाय आपोआप चालले. धाकटीच्या चष्म्यातून जमीन खालीवर झाली, नेहमीसारखी. ती चाचपडत खुर्चीत बसली आणि उजवी बाही वर केली.

नर्सने दंडाला पट्टा बांधला. पण मावशी आज गॅलरीत गेली नव्हती. ती उठून थोरलीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिने पाठीमागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"घाबरू नको गं," मावशी तिच्या कानाशी म्हणाली, आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "तुझ्यात माझं काही नाही म्हणे. नसू दे. मी काही खूण पडावी म्हणून नव्हतं केलं. तू होतीस, ते पुष्कळ झालं मला."

थोरलीने चष्मा काढला.

"मावशी, मी थोरली," ती म्हणाली. मग नर्सला म्हणाली, "पट्टा सोडा." आणि मग प्रश्नवालीकडे वळून, कारण आता थांबलं तर पुन्हा चार वर्षं जातील हे तिला कळत होतं, "बाई, दोन्ही नमुने माझे असतात. पहिल्यापासून. तुम्ही माझी माझ्याशीच तुलना करत होता."

प्रश्नवालीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "किती वेळा?"

"आठही."

"आठही," ती म्हणाली. तिने टेबलावरचे दोन कागद उचलले, त्यांच्या कडा नीट जुळवल्या, आणि ते पुन्हा खाली ठेवले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "का?"

"तिला सुई सोसत नाही. चक्कर येते."

"ते आहे माझ्याकडे." प्रश्नवालीने फाइल उघडली. "'धाकटी, रक्त देताना चक्कर.' दर खेपेला लिहिलंय मी."

"ती मला यायची. तिच्या चष्म्याने."

नर्सला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं. प्रश्नवालीसुद्धा हसली असती, दुसऱ्या कुणाची फाइल असती तर.

आतून धाकटी दाराशी आली होती, बिनबाह्यांच्या सदऱ्यात, डागांसकट. आई तिच्याकडे न बघता थोरलीवर तुटून पडली. "म्हणजे इतकी वर्षं त्या बिचाऱ्या बाईला फसवलंत? लाज नाही वाटली? आणि आता म्हणाल, आई, तुझंच रक्त म्हणाले ते खोटं?"

"आई, तिच्याकडे बघ आधी," थोरली म्हणाली.

मावशी आधीच बघत होती. तिने जाऊन धाकटीचा हात उचलला, डागांवरून बोट फिरवलं आणि खाली बसली. तिथेच, जमिनीवर.

"ती भीती माझी आहे," मावशी म्हणाली.

"काय?" प्रश्नवालीने विचारलं, आणि सवयीने पेन उचललं.

"लिहू नका. ऐका नुसतं. तिला माझ्याकडे आणलं तेव्हा रोज दोन इंजेक्शनं असायची. दीड वर्षं. पोर हात-पाय झाडायची, कंपाउंडर म्हणायचा, धरा. मी धरायचे. गुडघ्याखाली दाबून धरायचे. ती माझ्याकडे बघून ओरडायची आणि मी तिला सोडायचे नाही." तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही खूण शोधत होता ना? मी सगळ्यात आधी तिच्यात हे घातलं. मग बाकीचं. म्हणून मी गॅलरीत जायचे."

प्रश्नवालीने पेन खाली ठेवलं. "सारखी जनुकं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "एकीला सुईचं काहीच नाही, दुसरी जवळसुद्धा येत नाही. अठ्ठावीस वर्षं फरक आतल्या खोलीत लपून बसला होता, आणि मी तो नळीत शोधत होते. जीवनाबद्दल दोनशे प्रश्न विचारले, हा एक नाही."

"धरायची पाळी माझी होती," आई एकदम म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिची नजर टीपॉयवर होती. "मला ते ओरडणं ऐकवेना. म्हणून दिली मी. नेली नाहीस तू, मीच दिली."

पन्नास वर्षांनी हा शब्द त्या घरात आला आणि त्यावर कुणी काही बोलायच्या आत नर्स मध्ये पडली. ती सगळ्यांत लहान होती आणि एवढ्या गोंधळात तिची नजर तेवढी कामावर होती. तिने धाकटीचा खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या होत्या.

"दात घासताना रक्त येतं?"

"येतं कधीकधी."

"किती दिवस?"

"दोनेक महिने."

नर्स प्रश्नवालीकडे वळली. "मॅडम, आपल्या नमुन्याचा निकाल यायला महिना लागेल. यांचं रक्त आत्ता तपासायला हवं. कोपऱ्यावर लॅब आहे, उघडी असेल."

"आमच्या नमुन्याचं राहू दे," प्रश्नवाली म्हणाली. "उठा."

लॅब म्हणजे औषधाच्या दुकानामागची एक अरुंद जागा होती. भिंतीला लावलेल्या सहा खुर्च्या, त्यांतली एक मोडकी, आणि एक काचेचं दार. तंत्रज्ञ मध्यमवयीन होता, मोजकंच बोलणारा. त्याने धाकटीचे हात पाहिले, काही विचारलं नाही, नुसता फॉर्मवर 'तातडीचं' असा शिक्का मारला. "आत सोबत एकच जण."

थोरली उठली. उठणारच. हे काम तिचं होतं.

"तू बस," धाकटी म्हणाली.

"अगं, पण—"

"बस. मावशी, तू चल." दारात ती थांबली. घामाने तिचं कपाळ चमकत होतं. "धरायचं नाही हं या वेळी. नुसती बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही."

काचेचं दार लागलं. थोरली बसली, उठली, पाण्याच्या फिल्टरपर्यंत गेली, पाणी न पिता परत आली. आतून मावशीचा आवाज येत होता. शेजारणीच्या पुतणीचं लग्न, नळाचा वायसर, गॅलरीतलं झाड, कुठल्याशा बाईने परत न केलेला डबा. आवाज सारखा कापत होता, पण तुटत नव्हता. आई मोडक्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. प्रश्नवालीने मांडीवरची फाइल एकदाही उघडली नाही.

मग मावशी बोलायची थांबली.

थोरली दाराशी धावली. तिच्या डोळ्यांपुढे धाकटी जमिनीवर पडलेली होती, तंत्रज्ञ पाणी मारत होता, सगळं तिने क्षणात पाहून घेतलं. दार उघडलं. धाकटी आपल्या पायांवर उभी होती. कोपर दुमडलेला, त्यात कापूस, चेहरा पांढरा, डोळे मोठे. मावशी मागे, स्वतःचाच पदर मुठीत धरून.

"रिपोर्ट तासाभरात देतो," तंत्रज्ञ म्हणाला. "घरी जाऊ नका. पेशींचे आकडे कमी असतील तर इथूनच मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. आजच."

धाकटी खुर्चीत बसली. थोरली तिच्या शेजारी बसली, तिची पाठ चोळू लागली. धाकटीने कापूस उचलून खाली बघितलं. एक लाल ठिपका होता, डाळीच्या दाण्याएवढाही नाही.

"एवढंच असतं?" धाकटीने विचारलं.

"हो. झालं ना आता."

"नाही, मी विचारतेय. एवढंच असतं?" तिने मान वळवली. "तू दर वेळी आत येऊन म्हणायचीस, फार दुखलं गं, बरं झालं तू नव्हतीस. दर वेळी. मी त्या पलंगावर बसून रडायचे, की माझ्यापायी तुला दोनदा सोसावं लागतं."

थोरलीचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. समोर प्रश्नवाली बसली होती, पलीकडे आई, दारात मावशी, आणि तिघींपैकी कुणी तिच्या मदतीला येणार नव्हतं. घरात आईची लाडकी ती, मावशीची लाडकी धाकटी. पण धाकटीला तिच्यावाचून चालत नाही ही एकच गोष्ट अशी होती, जी तिने कुणाशी वाटून घेतली नव्हती. चार वर्षांतून एकदा का होईना.

"या खेपेला दुखलं नाही का तुला?" धाकटीने विचारलं. "सुया बदलल्या असतील. पूर्वी दुखत असेल."

हो म्हणता आलं असतं. धाकटी ते मान्य करायला तयारच होती.

"पहिल्यांदाही नव्हतं दुखलं," थोरली म्हणाली.

धाकटीने कापूस पुन्हा जागेवर दाबला आणि काचेच्या दाराकडे बघत बसली. तासातली अजून पन्नास मिनिटं जायची होती.